रात्री अडीचला कुठून येते ही पोरगी?

"तुमची भाची काल रात्री अडीचला आली हो," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. हातात कढीपत्त्याची फांदी होती, म्हणजे भिंतीपाशी यायचं निमित्त तयार होतं. "मला काय करायचंय म्हणा. पण फाटकाची कडी वाजली म्हणून जाग आली."

"लॅबमध्ये होती," मी म्हटलं.

"परवासुद्धा?"

"परवासुद्धा."

"रात्रीची कसली लॅब? आणि एनसीएलमध्ये आहे ना ती?" पुण्यात कुणी रसायनात पीएच.डी. करतंय म्हटलं की ते पाषाणलाच, हा समज 1950 पासून, म्हणजे तिथली एनसीएल, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सुरू झाल्यापासून पक्का आहे. मी म्हटलं, नाही, दुसरीकडे. वहिनींच्या चेहऱ्यावर भाचीचा भाव तिथल्या तिथे एक पायरी उतरला.

आता पोरीची बाजू घेणं आलं. मी सांगितलं की तिला यंत्र रात्रीचंच हवं असतं. दिवसा इमारतीची लिफ्ट चालू, पाण्याचा पंप चालू, रस्त्यावरून बसगाड्या. शेजारच्या खोलीचं दार कुणी आपटलं तरी तिच्या चित्रावर आडवी रेघ उमटते. यंत्राला धक्के शोषणारं खास टेबल आहे, वरून आवाज अडवणारी पेटी आहे, तरी रात्रीच्या शांततेची सर त्याला नाही. एका चित्राला आठ-नऊ मिनिटं लागतात, अशी चित्रं बरीच घ्यावी लागतात आणि त्यातलं एखादंच मनासारखं येतं.

"कशाची चित्रं?"

"प्लास्टिकची."

वहिनी क्षणभर गप्प. "प्लास्टिक बघायला रात्री अडीचपर्यंत? आमच्या ह्यांनी जन्मभर प्लास्टिकच बघितलं. साडेपाचला घरी असायचे."

एव्हाना 'ह्यांनी' आतून ऐकलं होतंच. नाना भोसरीला मोल्डिंगच्या शॉपमध्ये होते, निवृत्त झाले तरी प्लास्टिकचा विषय निघाला की चष्मा कपाळावर चढवून हजर. "कुठलं प्लास्टिक? पीपी? एचडी? एबीएस?" पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एचडी म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिएथिलीन; प्लास्टिकच्या जातींची अशी आखूड नावं नानांच्या जिभेवर.

"दोन वेगवेगळी एकत्र केलेली, नाना. ब्लेंड."

"म्हणजे भेसळ."

"भेसळ लपवून करतात. ब्लेंड सांगून करतात आणि भाव जास्त लावतात."

"तेच म्हणतोय मी," नाना म्हणाले आणि खुर्ची भिंतीजवळ ओढून बसले. आता ही बैठक लवकर उठणार नव्हती.

मग मला जेवढं जेवणाच्या टेबलावर ऐकून माहीत होतं तेवढं मी सांगायला घेतलं. त्या यंत्राला ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप म्हणतात. नावात मायक्रोस्कोप असला तरी त्याला भिंग नाही.

"भिंग नाही तर दिसणार कसं?" वहिनी.

"दिसत नाही. चाचपून कळतं." एक सिलिकॉनची पट्टी असते, मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी लांब. तिच्या टोकाशी खाली तोंड केलेली सुई. सुईचं टोक इतकं बारीक की त्याची गोलाई दहा नॅनोमीटरच्या आसपास. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ही सुई पृष्ठभागावरून ओळीओळीनं फिरते. पट्टीच्या पाठीवर लेझरचा किरण सोडलेला असतो. सुई उंचवट्यावर चढली की पट्टी वाकते, पट्टी वाकली की परतणारा किरण सरकतो आणि समोरच्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर ते सरकणं मोजलं जातं. त्यावरून संगणक उंचसखल नकाशा काढतो.

"शोध कुणाचा?" नानांना प्रत्येक गोष्टीचा मेकर लागतो.

तर ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गर्ड बिनिग आणि हाइन्रिख रोरर ह्या दोघांनी झ्युरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत 1981 मध्ये ह्याच्या आधीचं यंत्र केलं होतं. त्यात सुई आणि नमुना यांच्यामधून बारीकसा विद्युतप्रवाह जायचा, त्यामुळे नमुना वीज वाहून नेणारा लागायचा. धातू चालायचे, प्लास्टिक नाही. मग बिनिगने कॅल्व्हिन क्वेट आणि ख्रिस्तोफ गर्बर यांच्याबरोबर नवीन यंत्र केलं, त्यात प्रवाहाऐवजी सुईवरचा जोर मोजायचा. तो लेख आला 1986 मध्ये, आणि आधीच्या यंत्रासाठी बिनिग-रोररना नोबेल मिळालं तेही 1986 मध्येच. नव्या यंत्राच्या पहिल्या नमुन्यात सोन्याच्या पातळ पट्टीवर हिऱ्याची कणी चिकटवली होती.

"सोनं आणि हिरा?" वहिनींचा कढीपत्ता खाली राहिला. "आणि बघायचं काय, तर प्लास्टिक?"

"आता सिलिकॉनच असतं, वहिनी."

"मग बरोबर. म्हणूनच एवढ्या सुया मोडत असतील."

सुया मोडतात हे खरंच आहे, आणि एकेकीची किंमत हजारांत असते. भाची त्या सुयांची डबी आमच्या देवघराच्या वरच्या फळीवर ठेवते, कारण घरात तेवढी एकच जागा अशी आहे जिथे कुणी घाईने हात घालत नाही.

नानांनी मात्र नेमका प्रश्न काढला. "धातूचं ठीक आहे. पण मऊ मालावर सुई ओढत नेली तर ओरखडे नाही पडणार?"

पडायचेच. सुरुवातीला सुई टेकवून ओढत, आणि प्लास्टिकची, रबराची पृष्ठं फरफटली जात. 1993 मध्ये टॅपिंगची रीत आली आणि पॉलिमरवाल्यांचे दिवस पालटले. त्यात सुई ओढायची नाही, नुसती टकटक करत न्यायची. पट्टी सेकंदाला साधारण तीन लाख वेळा खालीवर थरथरते आणि सुई दर खेपेला जेमतेम टेकून उठते. बाजूचा ओढा जवळजवळ जातो आणि पृष्ठ शाबूत राहतं.

"पण ह्यातून उंची कळली," नाना म्हणाले. "माल कुठला ते कसं कळणार? गुळगुळीत ब्लेंड असला तर सगळं सपाटच दिसेल की."

ह्याच्यापुढे माझी गाडी अडली असती. पण तेवढ्यात भाची उठून बाहेर आली. केस वर बांधलेले, हातात चहाचा कप, अकरा वाजत आलेले. वहिनींनी घड्याळाकडे बघितलं नाही, एवढा मोठेपणा दाखवला.

"नाना, माठ घेताना तुम्ही काय करता?" तिने भिंतीला टेकून विचारलं.

"टिचकी मारतो."

"बघून कळत नाही ते टिचकीने कळतं, तसंच." आणि तिने समजावलं. सुई टेकते तेव्हा खालचा माल कडक असेल तर ती लगेच उसळते. मऊ, चिकट असेल तर थोडी रेंगाळते, थोडी ऊर्जा तिथे सोडून येते. पट्टीला हलवणारा ठेका आणि पट्टीचा स्वतःचा ठेका यांच्यात त्यामुळे जो मागेपुढेपणा येतो, तो यंत्र मोजतं. त्याला फेज म्हणतात. उंचीचं चित्र आणि फेजचं चित्र एकाच फेरीत, शेजारी शेजारी तयार होतं. पहिल्यात सपाट दिसणाऱ्या जागेत दुसऱ्यात स्पष्ट बेटं उठतात.

तिने मोबाइलवर एक चित्र काढलं आणि भिंतीवरून नानांच्या हातात दिलं. काळसर, तपकिरी, पिवळट. गोल गोल ठिपके, आणि प्रत्येक काळ्या गोलाच्या पोटात पुन्हा फिक्या रंगाचे लहान गोळे.

"रंग खोटे आहेत हं," ती म्हणाली, "संगणकाने भरलेले. आकार खरे. हे तुमच्या ओळखीचं आहे. फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर."

"हिप्स!" नाना एकदम सरळ बसले.

हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन. साधं पॉलिस्टायरीन ठिसूळ, पडलं की तडकतं. त्यात रबर घातलेलं असतं, आणि ते रबर एक-दोन मायक्रॉनच्या गोळ्यांमध्ये वेगळं बसतं. रबराच्या गोळीच्या पोटात पुन्हा पॉलिस्टायरीनचे कण. चित्रातले काळे गोल म्हणजे ते रबर, आणि पोटातले फिके ठिपके म्हणजे आत अडकलेलं पॉलिस्टायरीन.

"हिप्सची पट्टी वाकवली की वाकल्या जागी पांढरी रेघ येते," नाना म्हणाले. "आम्ही त्यावरून माल ओळखायचो."

"ती रेघ म्हणजेच ह्या गोळ्यांचं काम." धक्का बसला की प्रत्येक गोळीच्या कडेने असंख्य अतिसूक्ष्म भेगा सुटतात आणि त्या भेगांमध्ये अजून पॉलिस्टायरीनचे धागे ताणलेले असतात, त्यामुळे तुकडा पडत नाही. एक मोठा तडा जाण्याऐवजी धक्का हजार ठिकाणी वाटला जातो. भेगांवर प्रकाश विखुरतो म्हणून ती जागा पांढरी दिसते. पण हे जमतं, कारण रबराच्या साखळ्यांवर पॉलिस्टायरीनच्या साखळ्या रासायनिक बंधाने जोडलेल्या असतात. जोड नसता तर गोळ्या नुसत्या सुटून आल्या असत्या.

नानांनी चित्र बोटांनी मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. नोकरीभर ज्या मालाचे दाणे हॉपरमध्ये ओतले त्याचं पोट ते पहिल्यांदा बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नानांच्या बाबतीत ही बातमीच आहे.

"पण मुळात दोघं विरघळून एक का होत नाहीत?" वहिनींनी विचारलं. "साखर पाण्यात होते की."

ह्याचं उत्तर पॉल फ्लोरी ह्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दिलेलं आहे. 1974 चं रसायनाचं नोबेल त्याला मिळालं. लहान रेणू एकमेकांत मिसळतात तेव्हा कोण कुठे बसेल याच्या अगणित शक्यता निर्माण होतात, आणि निसर्गाचा कल अशा विस्कटण्याकडे असतो. पॉलिमरची साखळी मात्र हजारो कड्यांची. कड्या एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे विस्कटून मिळणारा फायदा अगदी थोडा. मग दोन साखळ्यांमध्ये किरकोळ नावड असली तरी ती पुरते आणि दोघी वेगळ्या होतात. बहुतेक जोड्यांचं हेच होतं.

"सगळ्याच नाही," नाना म्हणाले. "नोरिल?"

भाची खूश झाली. नोरिल म्हणजे पॉलिस्टायरीन आणि पॉलिफिनिलीन ऑक्साइड. ही जोडी कुठल्याही प्रमाणात खरोखर एकजीव होते. मिश्रण एकच, काचेसारखं कडक होण्याचं तापमानही एकच, आणि सुई कितीही फिरवली तरी दोन प्रदेश सापडत नाहीत.

"बघा, काहींचं जमतं," वहिनी म्हणाल्या. "बाकी समजलं. काळं ते रबर, फिकं ते प्लास्टिक. ठरलं."

"ठरलं नाही, काकू." इथे पोरीचा आवाज जरा चढला. हाच तिचा रात्रंदिवसाचा झगडा असावा. "फेजचं चित्र दोघं वेगळे आहेत एवढंच सांगतं. कोण कोण आहे ते सांगत नाही. सुई हलकी टेकवली तर पृष्ठ तिला ओढून घेतं, जोरात टेकवली तर ढकलतं, आणि ह्या दोन्हींमध्ये काळ्याचं पांढरं होऊ शकतं. नमुना तोच, जागा तीच."

"मग नाव कसं लावायचं?"

"दुसऱ्या कुणाकडून खात्री करून."

तिने उदाहरण दिलं ते पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए यांचं. पीएमएमए म्हणजे दुकानांच्या पाट्यांचं ॲक्रिलिक. दोन्ही टोल्यूइनमध्ये विरघळवायचे, सिलिकॉनच्या चकचकीत चकतीवर थेंब टाकायचा आणि चकती गरगर फिरवायची. टोल्यूइन उडून जातं, मागे केसापेक्षा कित्येकशे पटींनी पातळ थर उरतो, आणि उडता उडता दोघं वेगळे झालेले असतात. वर छान टेकड्या आणि खड्डे. पण खोलीच्या तापमानाला दोन्ही सारखेच कडक, त्यामुळे टिचकीचा फरक जेमतेम. टेकडी कुणाची, खड्डा कुणाचा? मग नमुना कोमट सायक्लोहेक्झेनमध्ये धुवायचा. ते पॉलिस्टायरीनला नेतं, ॲक्रिलिकला हात लावत नाही. दुसरा नमुना ॲसेटिक ॲसिडमध्ये धुवायचा. ते ॲक्रिलिकला नेतं, पॉलिस्टायरीनला सोडतं. दोन्ही पुन्हा सुईखाली ठेवायचे. जे नाहीसं झालं त्याचं नाव पक्कं.

"आम्ही जाळून वास घ्यायचो," नाना म्हणाले. "काळा धूर आणि काजळीचे धागे उडाले की पॉलिस्टायरीन. मेणबत्तीचा वास आला की एचडी किंवा एलडी."

"म्हणजे तेच, नाना. एका पुराव्यावर नाव घ्यायचं नाही."

वहिनी जरा चुळबुळल्या. भिशीत एका पुराव्यावर बरीच नावं घेतली जातात.

"आणि काकू, सुई स्वतः पण खोटं बोलते," भाचीने आणखी एक सांगितलं. टोक झिजलं किंवा त्याला कचरा चिकटला की चित्रात प्रत्येक ठिपका त्याच आकाराचा, त्याच बाजूला तोंड करून दिसतो. दोन टोकं झाली तर प्रत्येक ठिपक्याची जोडी दिसते. नवखा माणूस म्हणतो, वा, काय सुबक रचना! जाणता माणूस नमुना नव्वद अंशात फिरवून परत घेतो. रचना नमुन्याची असेल तर तीही फिरते. फिरली नाही तर ती सुईची.

"हे आवडलं मला," वहिनी म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते त्यांनी सांगितलं नाही, पण पलीकडच्या गल्लीकडे बघितलं.

नाना मात्र मालाला चिकटून होते. "वरचं कातडं बघून आतलं कसं कळणार? मोल्डला लागतो तो थर वेगळा असतो, गाभा वेगळा."

भाची म्हणाली, अगदी बरोबर, आणि हेच बरेच जण विसरतात. हवेच्या बाजूला ज्याची पृष्ठऊर्जा कमी तो घटक वर येऊन पसरतो. त्यामुळे वरून एकच एक दिसलं तरी आत दोन असू शकतात. मोल्ड केलेल्या वस्तूत तर थंड भिंतीला लागलेलं प्लास्टिक आधी गोठतं आणि प्रवाहाच्या दिशेने ताणलेलं राहतं, आत गाभ्यात ठिपके गोल व्हायला वेळ मिळतो. म्हणून ती तुकडा शून्याच्या खूप खाली गार करते, हिऱ्याच्या सुरीने छेद घेते, आणि छेदाच्या सपाट तोंडावर सुई फिरवते.

"हिरा आलाच पुन्हा," वहिनी पुटपुटल्या.

मग नानांनी त्यांची गोष्ट काढली. एकदा मशीन नीट साफ न करता पीपीवरून एबीएसवर घेतलं. बॅरलमध्ये जुना दाणा राहिलेला. झाकणं दिसायला उत्तम निघाली, चकाकी छान, मापं बरोबर. पॅकिंगच्या बायकांपैकी एकीने कडेला नख लावलं तर पापुद्रा हातात आला. दुसरं झाकण, तिसरं, सगळ्यांचे पापुद्रे. सगळी बॅच ग्राइंडरला गेली. "तेव्हा आम्ही म्हणायचो माल फाटला. फाटला का, ते आज कळलं."

दोघांच्या हद्दीवर साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतल्याच नव्हत्या, म्हणून. भाचीने तिचं खरं काम सांगितलं ते हेच. घरोघरचा कचरा गोळा होतो त्यात पीपी आणि एचडी सगळ्यात सरमिसळ झालेले. पीईटीची बाटली पाण्यात बुडते म्हणून तिला वेगळं काढता येतं. पीपी आणि एचडी दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे टाकीत टाकून ते वेगळे होत नाहीत. एकत्र वितळवून केलेली वस्तू दिसते धड, पण वाकवली की दोघांच्या हद्दीवरून सुटते. 2017 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या लोकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की दोन्हींचे तुकडे आलटून पालटून जोडलेली एक साखळी थोड्या प्रमाणात घातली तर ती दोन्ही बाजूंना पाय रोवून हद्द शिवून टाकते, आणि ठिसूळ मिश्रण चिवट होतं. अशा शिवणीनंतर ठिपके किती लहान झाले, हद्द कशी बदलली, हे रात्रीच्या रात्री बघत बसणं, हे तिचं संशोधन.

"मग होऊ दे ना उशीर," वहिनी म्हणाल्या. "मी कडीला तेल घालून देते."

"ती साखळी बाजारात मिळते का?" नानांनी विचारलं.

जोड लावणारे पदार्थ बाजारात आहेत, पण फुकट नाहीत, आणि रोजच्या बादल्या-टबांच्या भावात ते बसवणं सोपं नाही, असं भाचीने सांगितलं. नानांनी मान डोलावली. भावाचं गणित त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

जाता जाता त्यांनी जे बजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण त्याला यंत्र लागत नाही. डबा, बादली, बाटली भंगारात देण्याआधी बूड उलटं करून बघा. त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पीईटी, 2 म्हणजे एचडी, 5 म्हणजे पीपी, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन. बाटलीचं झाकण बहुतेकदा बाटलीच्या जातीचं नसतं, ते वेगळं काढा. 2 आणि 5 एका पोत्यात कोंबू नका. एकदा का ते एकत्र वितळले, की दोघं वेगळे आहेत हे दाखवणारं यंत्र भाचीकडे आहे; त्यांना वेगळं करून देणारं यंत्र तिच्याकडे नाही.